प्रकल्पाने कोणकोणते कम्पायलर सपोर्ट करावेत?

अर्धविराम

नमस्कार मंडळी,

एका मुक्तस्रोत सी++ लायब्ररीचं कम्पायलर-धोरण लिहून काढायचं आहे. लायब्ररी बायनरी फाइली वाचते, त्यातल्या आकड्यांवर बरीच गणितं करते आणि बाहेरच्यांसाठी सी++ सोबत एक सी इंटरफेसही देते. माहितीपत्रकात सध्या एकच ओळ आहे, "सी++११ येणारा कोणताही कम्पायलर चालेल". त्या ओळीमुळे कोडमध्ये जीसीसी ४.८.५ साठी जागोजागी इफडेफ (आवृत्ती पाहून कोडचा तुकडा चालू-बंद करणाऱ्या अटी) साचलेत. मुख्य शाखा आता सी++१७ या भाषेच्या २०१७ च्या मानकावर न्यायची आहे.

प्रश्न असे: किमान आवृत्ती कशावरून ठरवायची? जीसीसी, क्लँग आणि एमएसव्हीसी हे तिघे पुरेत, की इंटेल, मिनजीडब्ल्यू, एम्बेडेडवाले हेही घ्यायचे? सीआयवर (प्रत्येक बदल आपोआप बिल्ड करून तपासणारी यंत्रणा) किती जोड्या चालवायच्या? आणि जुन्या कम्पायलरला निरोप द्यायची रीत काय?

माझा कल असा की जितके जास्त कम्पायलर, तितका कोड स्वच्छ. पण सांभाळणारे हात मोजकेच आहेत, म्हणून जाणकारांची मतं हवीत.

खटपट्या

अर्धविराम नावाच्या सदस्याने कम्पायलरवर धागा काढावा, याहून चांगला शकुन नाही :)

आता मुद्द्याचं. सुरुवात कम्पायलरच्या आवृत्तीपासून करू नका, वितरणांपासून करा. लोक शक्यतो आपल्या सिस्टीमसोबत आलेला कम्पायलर वापरतात. तो असा:

रेड हॅट ८: जीसीसी ८.५
रेड हॅट ९: जीसीसी ११
डेबियन ११: जीसीसी १०.२
डेबियन १२: जीसीसी १२.२
उबुंटू २०.०४: जीसीसी ९
उबुंटू २२.०४: जीसीसी ११
उबुंटू २४.०४: जीसीसी १३

तुमचा ४.८.५ हा रेड हॅट ७ आणि सेंटओएस ७ चा. त्यांची नियमित देखभाल ३० जून २०२४ ला संपली. म्हणजे तो इफडेफचा डोंगर ज्याच्यासाठी उभा आहे ती सिस्टीमच निवृत्त झाली. नवा तळ, म्हणजे किमान आवृत्ती, जीसीसी ८ धरा.

मात्र ८ मध्ये सी++१७ "आहे" म्हणजे सगळं आहे असं नाही. एसटीडी::फाइलसिस्टीम वापरलं तर एसटीडीसी++एफएस ही वेगळी लायब्ररी लिंक करावी लागते, नाहीतर अनडिफाइन्ड रेफरन्सची माळ लागते. जीसीसी ९ पासून ते मुख्य लायब्ररीत गेलं. आणि फ्रॉम_चार्स (मजकुरातून संख्या वाचणारं फंक्शन) ८ मध्ये फक्त पूर्णांकांसाठी आहे, दशांश संख्यांसाठी ते जीसीसी ११ ला आलं. तुमचा प्रकल्प आकड्यांचा असल्याने ही दुसरी गोष्ट आधी तपासा. तेवढ्यावरून तळ ८ चा ११ होऊ शकतो.

जुना_खांब

@खटपट्या, यादी बरोबर, निष्कर्ष थोडा घाईचा. देखभाल संपली म्हणून मशीन बंद होत नाही. कारखान्यातली, प्रयोगशाळेतली, इंटरनेटला न जोडलेली यंत्रं रेड हॅट ७ वर अजून बरीच वर्षं चालतील. त्यांना डेव्हटूलसेटने (रेड हॅटचा वेगळा बसवता येणारा कम्पायलर-संच) नवा जीसीसी देता येतो, म्हणून "सी++१७ हवं तर टूलसेट बसवा" असं सांगून पाहता येईल.

पण त्यात एक खोच आहे. रेड हॅट ७ वरचा डेव्हटूलसेट एसटीडी::स्ट्रिंगचा जुनाच एबीआय (बिल्ड झालेले भाग एकमेकांना जोडण्याची रचना) वापरतो. जीसीसी ५ ने २०१५ मध्ये स्ट्रिंग आणि लिस्टसाठी नवा एबीआय आणला, तो निवडायचा मॅक्रो तिथे १ केला तरी परिणाम होत नाही. त्यामुळे दुसरीकडे बिल्ड केलेली लायब्ररी तिथे जोडायला गेलं की चिन्हांच्या नावांत सीएक्सएक्स११ दिसणाऱ्या लिंकर चुका येतात. सोर्समधून सगळं एकत्र बिल्ड करणाऱ्यांना हा त्रास होत नाही.

खटपट्या

@जुना_खांब, एबीआयचा मुद्दा मान्य. पण जे लोक सिस्टीम हलवत नाहीत ते तुमची नवी लायब्ररी तरी कशाला घेतील? त्यांच्यासाठी सी++११ ची शेवटची आवृत्ती वेगळ्या शाखेवर ठेवा आणि तिथे फक्त सुरक्षेच्या व चुकीचं उत्तर देणाऱ्या दोषांच्या दुरुस्त्या न्या. मुदत आधीच लिहा, उदाहरणार्थ १ वर्ष. मुख्य शाखेत एकही इफडेफ न ठेवता त्यांचं भलं होतं.

सांधेजोड

वर सगळे "कम्पायलर" म्हणत आहेत, पण सपोर्ट करायची गोष्ट एक नसून तीन आहेत: कम्पायलर, प्रमाणित लायब्ररी आणि खाली सिस्टीमची सी लायब्ररी.

लिनक्सवर क्लँग मुळात जीसीसीचीच लिबस्टडसी++ वापरतो. त्यामुळे "क्लँग १४ चालतो" हे अर्धं वाक्य झालं. कोणत्या लिबस्टडसी++ सोबत? ढळढळीत उदाहरण सी++२० च्या रेंजेसचं. क्लँग १५ पर्यंत लिबस्टडसी++ चे व्ह्यूज धड कंपाइल होत नव्हते, १६ पासून होऊ लागले. आणि उलट, लिबसी++ (क्लँगची स्वतःची लायब्ररी) निवडली तर तिथे काय आलंय आणि काय राहिलंय याचा तक्ता पूर्ण वेगळा.

मॅकवर आणखी एक पदर. ॲपल क्लँग कितीही नवा असो, लायब्ररीचा कोड सिस्टीममध्ये असतो. एसटीडी::फाइलसिस्टीमला मॅकओएस १०.१५ लागतं, दशांश संख्यांच्या टू_चार्सला (संख्येचा मजकूर करणारं फंक्शन) १३.३. डिप्लॉयमेंट टार्गेट (प्रोग्राम ज्यावर चालायला हवा ती सर्वांत जुनी मॅकओएस) त्याखाली ठेवलं की "अनअव्हेलेबल" अशी चूक येते आणि लोक कम्पायलर अद्ययावत करत बसतात. चूक टार्गेटची असते. म्हणून धोरणात मॅकसाठी एक्सकोडची आवृत्ती आणि डिप्लॉयमेंट टार्गेट असे दोन्ही आकडे लिहा.

तयार बायनरी देणार असाल तर तिसरी गोष्ट महत्त्वाची. डेबियन १२ वर बिल्ड केलेली फाइल डेबियन ११ वर "ग्लिबसीएक्सएक्स_३.४.३० सापडलं नाही" म्हणून अडू शकते, कारण ते चिन्ह जीसीसी १२ सोबत आलं. यावरचा उपाय नवा कम्पायलर पण जुनी ग्लिबसी (लिनक्सची सी लायब्ररी). पायथॉनवाल्यांचं मेनीलिनक्स हेच करतं. मेनीलिनक्स२०१४ हे सेंटओएस ७ वर, ग्लिबसी २.१७ धरून, पण आत जीसीसी १०. मेनीलिनक्स_२_२८ हे अल्मालिनक्स ८ वर. बिल्डसाठीचा तळ आणि चालवण्यासाठीचा तळ हे दोन वेगळे आकडे आहेत. एकाच वाक्यात कोंबू नका.

वाटसरू_२

+१. शेवटची दोन वाक्यं धोरणात जशीच्या तशी टाका.

तळटीप

इफडेफ साचतात त्याचं मूळ बहुतेकदा आवृत्ती विचारण्याच्या पद्धतीत असतं. तीन नेहमीचे खड्डे:

क्लँग स्वतःला जीसीसी ४.२.१ म्हणवतो. जीएनयूसी मॅक्रो ५ पेक्षा मोठा आहे का असं विचारलं की अद्ययावत क्लँगलाही "नाही" उत्तर मिळतं आणि तो जुन्यासाठी लिहिलेल्या फांदीत जातो. म्हणून क्लँगची तपासणी नेहमी जीसीसीच्या आधी.

ॲपल क्लँगचे आकडे एलएलव्हीएमच्या (क्लँगचा मूळ प्रकल्प) आकड्यांशी जुळत नाहीत. क्लँग-मेजर मॅक्रो १५ आला तर तो एलएलव्हीएम १५ असेलच असं नाही. सीमेकमध्ये (बिल्ड आखणारं साधन) ॲपलक्लँग ही वेगळी ओळख आहे, तीच वापरा.

एमएसव्हीसीत सीप्लसप्लस मॅक्रो मुळात १९९७११ वरच गोठलेला असतो, मग तुम्ही सी++२० मागा की काहीही. /झेडसी:सीप्लसप्लस हा पर्याय दिल्यावरच खरा आकडा मिळतो, आणि तो पर्याय व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ च्या १५.७ पासून आहे.

आवृत्तीऐवजी सोयच आहे का ते विचारा: हॅज_इन्क्लूड, हॅज_सीपीपी_ॲट्रिब्यूट, आणि सीपीपी_लिब ने सुरू होणारे फीचर-टेस्ट मॅक्रो. तेही डोळे झाकून नाही. जीसीसी ४.८ मध्ये एसटीडी::रेजेक्स हेडर होतं, कोड कंपाइलही व्हायचा, आणि चालवल्यावर भलतंच करायचा, कारण आतली अंमलबजावणी ४.९ ला आली. अशा ठिकाणी कॉन्फिगर करताना छोटा प्रोग्राम कंपाइल करून थांबू नये, तो चालवून उत्तर तपासावं.

चिमटा

अर्धविराम यांच्या "जितके जास्त तितके स्वच्छ" याला माझा विरोध आहे. स्वच्छता येते ती वेगवेगळ्या फ्रंटएंडमुळे (कम्पायलरचा कोड वाचून समजून घेणारा भाग). नावं वाढवून काही साधत नाही. आज खरे वेगळे फ्रंटएंड मोजायचे तर जीसीसी, क्लँग, एमएसव्हीसी आणि ईडीजी. इंटेलचा जुना आयसीसी ईडीजीवर होता, तो वनएपीआय २०२४.० पासून बंद झाला. त्याच्या जागी आलेला आयसीएक्स एलएलव्हीएमवर आहे. आयबीएमचा ओपन एक्सएल एलएलव्हीएमवर, आर्मचा कम्पायलर ६ एलएलव्हीएमवर. अंगरखे निराळे, आत क्लँगच. चार क्लँग तपासून चार मतं मिळत नाहीत.

त्यामुळे पहिल्या स्तरावर तिघेच. बाकीच्यांच्या दुरुस्त्या कोणी पाठवल्या तर आनंदाने घ्या, पण वचन देऊ नका.

गणिती

@चिमटा, फ्रंटएंडपुरतं सहमत. आकड्यांच्या प्रकल्पात मात्र आयसीएक्स आणि क्लँग यांना एक समजून चालणार नाही. आयसीएक्स मुळातच वेगवान फ्लोटिंग पॉइंट धोरण धरतो. "नॅन (संख्या नसलेलं मूल्य) येणार नाही" असं तो गृहीत धरतो, त्यामुळे इझनॅनची तपासणी उडवली जाऊ शकते. बिघडलेल्या फाइलमधला नॅन ओळखण्यावर तुमचं काही अवलंबून असेल तर एफपी-मॉडेल=प्रिसाइज सक्तीचं करा.

त्याहून जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे गुणाकार-बेरजेचं एकत्रीकरण. सी++ साठी जीसीसी मुळातच कॉन्ट्रॅक्ट=फास्ट धरतो, म्हणजे अ×ब+क हे जमेल तिथे एका एफएमए सूचनेत करतो आणि मधली पूर्णांकन-पायरी गाळतो. साध्या एक्स८६-६४ वर एफएमए मूळ संचात नसल्याने फरक दिसत नाही. तोच कोड आर्म६४ वर नेला किंवा मार्च=नेटिव्ह (याच मशीनच्या प्रोसेसरसाठी बिल्ड कर) लावलं की शेवटचे अंक बदलतात आणि "अचूक बरोबरी" तपासणाऱ्या चाचण्या पडतात. क्लँगनेही १४ पासून एका विधानापुरतं एकत्रीकरण चालू केलं.

मार्ग दोन. सगळीकडे एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ लावा आणि थोडा वेग सोडा, किंवा चाचण्यांत सापेक्ष सहनमर्यादा ठेवा. दोन्ही अर्धवट करू नका. फक्त आर्मवर सहनमर्यादा सैल केली तर तिथले खरे दोषही त्याच फटीतून निसटतात.

याच जातीचे आणखी दोन फरक: फंक्शनचे अर्ग्युमेंट काढण्याचा क्रम (एक्स८६ वर जीसीसी बहुधा उजवीकडून, क्लँग डावीकडून, सी++१७ नेही हा क्रम ठरवून दिलेला नाही), आणि चार (char, एका बाइटचा) या प्रकाराचं चिन्ह. लिनक्सवर आर्ममध्ये चार बिनचिन्ही असतो, ॲपलच्या आर्ममध्ये चिन्हांकित. फाइलमधला बाइट चारमध्ये घेऊन ईओएफशी (फाइल संपल्याची खूण) तुलना केली की आर्म लिनक्सवर तो लूप संपतच नाही. बायनरी वाचणाऱ्या कोडला हे हमखास नडतं.

अर्धविराम

फारच मोलाची माहिती. सहनमर्यादेचा पर्याय घेतो, अचूक बरोबरीच्या चाचण्या आहेत खऱ्या. एमएसव्हीसीत किमान काय धरावं? २०१७ की २०१९?

किल्लीवाला

२०१९ धरा. २०१७ मध्ये सी++१७ ची भाषा आहे, पण दशांश संख्यांचं टू_चार्स पूर्ण झालं ते २०१९ च्या १६.४ ला. शिवाय तुमचा सी भागही आहे. सी११ आणि सी१७ चा सपोर्ट १६.८ पासून. म्हणून "२०१९, १६.८ किंवा पुढे" असं नेमकं लिहा, नुसतं २०१९ नको. सीमध्ये बदलत्या लांबीचे ॲरे एमएसव्हीसीत नाहीतच, ते असतील तर आत्ताच काढा.

एबीआयची काळजी इथे कमी. २०१५, २०१७, २०१९ आणि २०२२ ची बायनरी एकमेकांना जोडता येते. अट एवढीच की अंतिम लिंक करणारा टूलसेट, सामील असलेल्या सगळ्यांत नव्याइतका तरी नवा हवा. अपवाद /जीएल लावून बिल्ड केलेल्या ऑब्जेक्टचा. स्टॅटिक लायब्ररी वाटायची असेल तर तो पर्याय लावू नका.

पर्याय: /परमिसिव्ह- (नाहीतर टेम्प्लेटमधल्या नावांचा शोध जुन्या सैल पद्धतीने होतो आणि जीसीसीवर जाऊन चुका कळतात), /झेडसी:सीप्लसप्लस, /यूटीएफ-८, आणि मॅक्रोंचा जड वापर असेल तर /झेडसी:प्रीप्रोसेसर. विंडोज हेडरच्या आधी नोमिनमॅक्स. आणि ६४ बिट विंडोजवर लाँग ३२ बिटांचाच असतो. फाइलमधलं ऑफसेट लाँगमध्ये ठेवलं असेल तर २ जीबीच्या पुढची फाइल लिनक्सवर वाचली जाईल, इथे नाही. स्थिर रुंदीचे प्रकार वापरा.

कोरडा_कागद

सगळे खालच्या टोकाबद्दल बोलताहेत. वरचं टोक जास्त वेळा फुटतं, आणि ते फुटतं तेव्हा वितरणांचे पॅकेजवाले तुमच्या दारात असतात.

जीसीसी १३ मध्ये प्रमाणित हेडर एकमेकांना कमी ओढू लागले, आणि सीएसटीडीइंट न घेता युइंट३२_टी वापरणारे ढीगभर प्रकल्प एका दिवसात अडले. जीसीसी १० ने फनो-कॉमन हे मूळ वर्तन केलं. हेडरमध्ये एक्स्टर्न न लिहिता ठेवलेलं सीचं ग्लोबल चल त्यानंतर "मल्टिपल डेफिनिशन" म्हणून लिंकला अडतं. क्लँग १६ आणि जीसीसी १४ नी सीमध्ये न सांगितलेलं फंक्शन बोलावणं ही सरळ चूक ठरवली. जीसीसी १५ मध्ये सीचं मूळ मानक सी२३ झालं. तिथे बूल, ट्रू आणि फॉल्स हे कीवर्ड आहेत, त्यामुळे स्वतःचा टाइपडेफ केलेला बूल अडतो, आणि रिकाम्या कंसाचं फंक्शन म्हणजे "शून्य अर्ग्युमेंट" असा अर्थ झाला.

यातला सर्वांत फसवा प्रकार ऑटोकॉन्फमधला (बिल्डआधी सिस्टीमवर काय आहे ते तपासणारं साधन). जुन्या कॉन्फिगर चाचणीत हेडर न घेताच फंक्शन बोलावलेलं असतं. नव्या कम्पायलरवर ती चाचणी कंपाइल होत नाही, कॉन्फिगर समजतं की सोय या सिस्टीमवर नाही, आणि बिल्ड यशस्वी होतं. फक्त एक वैशिष्ट्य गुपचूप गायब झालेलं असतं. म्हणून नवा कम्पायलर लावल्यावर बिल्डचा हिरवा दिवा पाहून थांबू नका, आधीच्या आणि नव्या कॉन्फिगर हेडरची तुलना करा.

जुना_खांब

@कोरडा_कागद, याच कारणासाठी मानक स्पष्ट सांगावं. सीमेकमध्ये सीसाठीही मानक लिहा आणि एक्सटेन्शन्स ऑफ ठेवा. कम्पायलरच्या मूळ निवडीवर सोडलं की ती कधी ना कधी बदलतेच.

आणि वेरर (प्रत्येक इशारा चूक मानणारा पर्याय)? मी म्हणेन सगळीकडे लावा. इशारे दुर्लक्षित राहिले की कुजतात.

तळटीप

वेरर सगळीकडे नको, कृपया. वॉल आणि एक्स्ट्रा या इशारे चालू करणाऱ्या पर्यायांचा अर्थ दर आवृत्तीत वाढतो. जीसीसी ७ ने एक्स्ट्रात इम्प्लिसिट-फॉलथ्रू घातला, ८ ने वॉलमध्ये क्लास-मेमॲक्सेस. वेरर पक्का बसवलेला आज निघालेला टारबॉल पुढच्या जीसीसीवर बिल्ड होणारच नाही, जरी त्यात एकही खरा दोष नसला तरी. वेरर सीआयमध्ये, तेही ठरावीक आवृत्तीच्या कम्पायलरवर. वापरणाऱ्याच्या हातात जाणाऱ्या मूळ बिल्डमध्ये नाही.

जुना_खांब

हे पटलं. ठरावीक आवृत्तीवर लावला तरी हेतू साधतो.

वाटसरू_२

अवांतर: रस्टमध्ये हा सगळा घोळच नाही ना? एकच कम्पायलर.

चिमटा

एकच कम्पायलर, पण दर ६ आठवड्यांनी नवी आवृत्ती. म्हणून तिथे "कोणता" ऐवजी "किती जुना" हा वाद असतो. कार्गोच्या (रस्टचं बिल्ड-साधन) मॅनिफेस्टमध्ये रस्ट-व्हर्जन हे क्षेत्र १.५६ पासून आहे, म्हणजे २०२१ पासून. डेबियन १२ मध्ये रस्ट १.६३ आहे. तेवढा तळ ठेवायचा म्हटलं तरी तुमची एखादी डिपेन्डन्सी (तुमचा प्रकल्प वापरतो ती बाहेरची लायब्ररी) तळ वाढवते आणि तुम्हीही आपोआप वर जाता. १.८४ पासून कार्गोचा रिझॉल्व्हर हा तळ पाहून डिपेन्डन्सीची जुनी आवृत्ती निवडू शकतो. सी++ मध्येही हाच नियम लागू आहे: तुमचा तळ तुमच्या डिपेन्डन्सीच्या तळाहून खाली असूच शकत नाही. अर्धविराम, डिपेन्डन्सीची यादी आधी तपासा.

खटपट्या

सीआयच्या प्रश्नाकडे. ३ कम्पायलर, प्रत्येकी ४ आवृत्त्या, डिबग आणि रिलीज, सी++१७ आणि २० असा पूर्ण गुणाकार केला तर ४८ जोड्या होतात. त्यातल्या बहुतेक जोड्या एकमेकींची री ओढतात. दोष टोकांना सापडतात, मधल्या आवृत्त्यांत क्वचित. एवढ्या पुरतात:

जीसीसी किमान, रिलीज, सी++१७
जीसीसी नवीनतम, डिबग, सी++२०, वेररसह
क्लँग किमान, जुन्या लिबस्टडसी++ सोबत
क्लँग नवीनतम, लिबसी++ सोबत, ॲड्रेस आणि यूबी सॅनिटायझर (चालताना मेमरीचे आणि भाषेच्या नियमांबाहेरचे दोष पकडणारे)
एमएसव्हीसी २०१९, रिलीज
एमएसव्हीसी २०२२, डिबग, सी++२०
ॲपल क्लँग, सर्वांत जुन्या डिप्लॉयमेंट टार्गेटसह
आर्म६४ लिनक्स, जीसीसी

शेवटची ओळ गणिती यांच्या चार आणि एफएमएसाठी. याशिवाय रोज रात्री एकदा जीसीसी आणि क्लँगच्या विकासशाखेवर बिल्ड चालवा, पण ते मर्जला अडवणारं नको. कोरडा_कागद सांगतात ते फुटणं तिथे काही महिने आधी दिसतं.

दोन सूचना. किमान आवृत्तीसाठी कंटेनरची प्रतिमा नेमक्या आकड्याने घ्या. "लेटेस्ट" असं लेबल असलेली प्रतिमा सेवा पुरवणारा कधीही पुढे सरकवतो आणि मग किमान तळाची तपासणी होत नाहीये हे कुणाच्या लक्षातही येत नाही. आणि कॉन्फिगरच्या वेळी कम्पायलरचं नाव, आवृत्ती, लिबस्टडसी++ ची तारीख हे लॉगमध्ये छापा.

सांधेजोड

त्या यादीवर माझा एकच नियम: जे सीआयवर नाही ते सपोर्टेड नाही. माहितीपत्रकात नाव आहे आणि मशीन नाही, अशी एकही ओळ ठेवू नका. लोक त्या ओळीवर विसंबून त्यांचं वेळापत्रक आखतात.

कोरडा_कागद

मोठे प्रकल्प हे स्तरांनी सोडवतात. पायथॉनच्या पेप ११ या धोरण-दस्तऐवजात तीन स्तर आहेत. पहिल्या स्तरावर काही फुटलं तर बदल मुख्य शाखेत जात नाही. दुसऱ्यासाठी भरवशाचा बिल्डबॉट आणि जबाबदारी घेणारे किमान दोन कोअर डेव्हलपर लागतात, तिसऱ्यासाठी एक. म्हणजे सपोर्ट माणसाला बांधलेला आहे. माणूस गेला आणि दुसरा मिळाला नाही तर स्तरही जातो. तुमच्या हातांच्या टंचाईवर हाच इलाज आहे.

तळ किती सावकाश हलवतात तेही पाहा. एलएलव्हीएम १६ पासून सी++१७ वर आहे आणि त्याचा तळ जीसीसी ७.४, क्लँग ५.०, ॲपल क्लँग १०.० असा. लिनक्स कर्नल ५.१५ मध्ये जीसीसी ५.१ वर आला आणि ६.१६ मध्ये, २०२५ साली, ८.१ वर.

अर्धविराम

स्तर आवडले. निरोपाची रीत राहिली. तळ वाढवणं म्हणजे मोठी आवृत्ती काढणं का?

चिमटा

माझ्या मते नाही. इंटरफेस बदललेला नाही, कुणाचा कोड बदलावा लागत नाही. मधला आकडा वाढवला तरी पुरे.

जुना_खांब

असहमत. ज्याचं बिल्ड काल चालत होतं आणि आज नाही, त्याच्यासाठी ते तुटलंच. कारण भाषेचं आहे की इंटरफेसचं, याने त्याला काय फरक पडतो?

तळटीप

वाद मिटवायचा तर धोरणातच लिहा: "तळ मधल्या आवृत्तीत वाढू शकतो, दुरुस्ती-आवृत्तीत कधीही नाही." आधी सांगितलेलं असलं की कुणाची फसगत होत नाही.

प्रत्यक्ष रीत एलएलव्हीएमची घ्यावी. जुना कम्पायलर दिसला की कॉन्फिगर अडतं, पण संदेशात एक तात्पुरता पर्याय असतो, तो दिला की बिल्ड पुढे जातं. पुढच्या टप्प्यात ती पळवाट बंद. यात नुसत्या इशाऱ्याहून मोठा फायदा आहे, कारण इशारे हजार ओळींच्या लॉगमध्ये कुणी वाचत नाही.

आणि नवं वैशिष्ट्य वापरायच्या आधी गिटवाल्यांसारखा चाचणी-फुगा सोडा. त्यांनी २०१७ मध्ये सी९९ चं नाव घेऊन मूल्य देण्याचं वैशिष्ट्य आधी एकाच ठिकाणी, सहज मागे घेता येईल असं वापरलं आणि कुणाची तक्रार येते का ते पाहिलं. तुम्हीही मुख्य फाइलींपैकी एकीत, जी सगळ्यांकडे बिल्ड होतेच, एक सी++१७ चं वैशिष्ट्य टाकून एक आवृत्ती काढा. कोण कुठल्या कम्पायलरवर आहे हे सर्वेक्षणापेक्षा त्यातून नीट कळतं.

सांधेजोड

मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण एक महत्त्वाची फट राहिली. "लायब्ररी सी++१७ वर न्यायची" यात दोन गोष्टी आहेत: लायब्ररी बिल्ड करायला काय लागतं, आणि तिचं हेडर घ्यायला काय लागतं. आतला कोड सी++१७ करा, पण बाहेरची हेडर सी++११ वरच ठेवता येतात. वापरणाऱ्यांपैकी कित्येकांना तेवढ्यावर काहीच हलवावं लागणार नाही.

पथ्यं अशी. बाहेरच्या हेडरमध्ये सीप्लसप्लस मॅक्रो पाहून क्लासचे सदस्य बदलू नका. सी++१७ असेल तर ऑप्शनल, नाहीतर पॉइंटर असं केलं की लायब्ररीच्या दृष्टीने क्लासचा आकार एक आणि वापरणाऱ्याच्या दृष्टीने दुसरा. लिंक व्यवस्थित होतं, मेमरी बिघडते, आणि क्रॅश भलत्याच ठिकाणी दिसतो. जादाची सोयीची इनलाइन फंक्शनं तशा अटीत चालतील, सदस्य चालणार नाहीत.

सीआयमध्ये एक छोटा ग्राहक-प्रोग्राम ठेवा. बसवलेली लायब्ररी घेऊन तो सी++११ मध्ये पेडँटिकसह बिल्ड करायचा आणि चालवायचा. सी हेडरसाठी असेच दोन प्रोग्राम, एक सी९९ मध्ये आणि एक सी++ मध्ये. एक्स्टर्न सी विसरलं तर दुसऱ्यात लगेच पकडलं जातं.

किल्लीवाला

@सांधेजोड, उत्तम. याला जोडून सीमेकची एक ओळ: टार्गेट_कम्पाइल_फीचर्समध्ये सीएक्सएक्स_एसटीडी_१७ हे प्रायव्हेट लिहा. पब्लिक लिहिलं की लायब्ररी जोडणाऱ्या प्रत्येकाचा कोड सी++१७ मध्ये ढकलला जातो, आणि मग हेडर सी++११ ठेवून उपयोग काय? पब्लिकमध्ये सीएक्सएक्स_एसटीडी_११ ठेवा.

अर्धविराम

हा मार्ग डोक्यात नव्हता आणि निम्मी चिंता त्याने जाते. मसुदा असा करतो:

"बिल्डसाठी जीसीसी ११, क्लँग १४ (लिबस्टडसी++ ११ सोबत), व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ १६.८, किंवा यांच्यापुढचे. वापरासाठी हेडर सी++११, सी हेडर सी९९. मॅकसाठी डिप्लॉयमेंट टार्गेट १३.३. आर्म६४ लिनक्स पहिल्या स्तरात. आयसीएक्स आणि मिनजीडब्ल्यू तिसऱ्या स्तरात, जबाबदार माणूस मिळाल्यास. तळ फक्त मधल्या किंवा मोठ्या आवृत्तीत वाढेल, एक आवृत्ती आधी सूचना देऊन."

११ यासाठी की फ्रॉम_चार्स दशांश संख्यांसाठी वापरायचंच आहे.

खटपट्या

११ घेतलात तर रेड हॅट ८ चा सिस्टीम कम्पायलर बाहेर जातो. तिथल्यांना जीसीसी-टूलसेट बसवावा लागेल, तो मसुद्यात नावाने लिहा. रेड हॅट ८ वर स्ट्रिंगचा नवा एबीआय असल्याने ७ वरची अडचण तिथे नाही.

गणिती

फ्रॉम_चार्स हे एकच कारण असेल तर ते एका फंक्शनमागे झाका आणि ११ च्या खाली एसटीआरटीओडी वापरा. मात्र एसटीआरटीओडी लोकेलप्रमाणे दशांशचिन्ह बदलतं, स्वल्पविराम वापरणाऱ्या लोकेलमध्ये "३.१४" चे ३ होतात. एसटीआरटीओडी_एल ला सी लोकेल देऊन वापरलं तर तळ ८ ठेवता येईल. मॅकचाही प्रश्न त्यातच सुटतो. लिबसी++ मध्ये दशांशांचं फ्रॉम_चार्स २० ला आलं, म्हणजे नुसतं १३.३ टार्गेट लिहून भागणार नाही, तिथे पर्यायी फांदी लागणारच.

अर्धविराम

मॅकसाठी फांदी लागणारच असेल तर तीच जीसीसी ८ ला वापरतो. तळ ८ आणि मॅक १०.१५ असं करतो, मात्र टू_चार्सलाही तीच वागणूक द्यावी लागेल. बदल पाठवला की मसुदा इथेच पुन्हा टाकतो.

किल्लीवाला

मिनजीडब्ल्यू तिसऱ्या स्तरात ठेवताय तर थ्रेड मॉडेल लिहायला विसरू नका. जीसीसी १३ च्या आधी विन३२ मॉडेलच्या बिल्डमध्ये एसटीडी::थ्रेड नाही, पॉझिक्स मॉडेलच लागतं. आणि सी रनटाइम यूसीआरटी सांगा. जुन्या एमएसव्हीसीआरटीवर प्रिंटएफला झेडयू हा साचा धड कळत नाही, लॉगमध्ये आकाराऐवजी कचरा छापला जातो.